एम, ए, एन – मन

सरांशी माझं पहिलं भांडण झालं ते एका उच्चारावरून, आणि तेही ओळख व्हायच्या आधी.

मी जिना चढून दारात उभी राहिले तेव्हा आत तास चालू होता. बाकांवर दहा-बारा मुलंमुली, पाठमोरे सर, आणि त्यांचा खणखणीत आवाज. "काई अडलं त मले इचाराचं नाई. आधी मन वाचा. मनात नाई सापडलं त मंग मले इचारा." मला वाटलं, पत्ता चुकला. शेगाव मलकापूरहून काही फार लांब नाही, कुणी भाविक दुपारचं प्रवचन करत असेल. तेवढ्यात फळ्याकडे लक्ष गेलं. त्यावर इंग्रजीत तीनच अक्षरं होती: एम, ए, एन. कॉम्प्युटरला एखाद्या आज्ञेची माहिती विचारायची असली की ही तीन अक्षरं टाइप करून पुढे त्या आज्ञेचं नाव लिहायचं. मग तो तिची माहितीपुस्तिका पडद्यावर उघडून देतो. मॅन्युअल, म्हणून मॅन.

"सर, ते मॅन आहे," मी दारातूनच म्हणाले. माझा स्वभावच तसा आहे. चुकीचा उच्चार ऐकला की माझ्या जिभेला खाज सुटते.

सगळा वर्ग वळून माझ्याकडे पाहायला लागला. सर वळले नाहीत. त्यांनी मान नुसती थोडी कलती केली. "तुमच्या पुण्यात असंन मॅन," ते म्हणाले. "आमच्याकडं मन हाये. या, बसा, म्याडम."

मी पुण्याची, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. चार शब्दांत त्यांनी माझं गाव ओळखलं. त्यांच्याबद्दलची एक साधी गोष्ट ओळखायला मला मात्र पुढे बरेच महिने लागले.

नवऱ्याची बदली मलकापूरला झाली म्हणून मी तिथं आले होते. फोनच्या तारेतून इंटरनेट यायचं तो काळ. स्टेशन रोडला खाली कृषी केंद्र आणि वर कॉम्प्युटर क्लास अशी ती जागा होती. दोन्हींचे मालक एकच, त्यांना सगळे शेठ म्हणत. खाली बियाणं आणि फवारणीची औषधं, वर आम्ही. खरिपाच्या दिवसांत औषधांचा उग्र वास जिन्याने वर यायचा, आणि मालगाडी गेली की टेबलावरचे कीबोर्ड थरथरायचे. मला शेठनी घेतलं ते माउसचा कोर्स शिकवायला, म्हणजे खिडक्या, चित्रं, बटणं. सर शिकवायचे तो काळ्या पडद्याचा. त्यात चित्र नाही, बटण नाही. काळ्यावर पांढरी अक्षरं. कॉम्प्युटरकडून जे करून हवं ते टाइप करून सांगायचं आणि तो काय उत्तर देतो ते वाचायचं. इंटरनेटवरून फाईल आणायची, नवा प्रोग्राम बसवायचा, जुना काढून टाकायचा, सगळं नुसत्या शब्दांवर.

माउसचा सरांना मनस्वी तिटकारा. "घरात उंदीर आला त मानूस काठी शोधते," ते मुलांना सांगायचे, "आन् तुमी त्याले हातात धरून बसता!" हे ते माझ्या वर्गाच्या दारात उभं राहून, मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचे. मग मीही माझ्या मुलांना मोठ्याने सांगायची की बैलगाडीतून जायची हौस असलेल्यांनी जरूर जावं, आपण रेल्वेने जाऊ. आमचं असं महिनोन्महिने चाललं होतं. मुलांची मात्र मजा.

उंच, किडकिडीत माणूस. पांढरा, लांब बाह्यांचा शर्ट, खिशात कायम फुटाण्याची पुडी. वर्गात शिरताना दाराच्या चौकटीवर बोटाने टकटक करायचे, जणू परक्याच्या घरी आलेत. जिना उतरताना तळहात भिंतीवरून घासत न्यायचे. त्यामुळे चुन्यावर वरपासून खालपर्यंत एक मळकट पट्टा उमटला होता. शेठ दर दिवाळीला तो पुसून भिंत रंगवायचे आणि होळीपर्यंत तो पुन्हा हजर. मुलांना ते चपलांवरून ओळखत. "आला काय बे? चप्पल शिवून घे ना लेका, किती फटफट वाजते." आम्ही सगळे म्हणायचो, सर विक्षिप्त आहेत. एकदा माणसाला विक्षिप्त म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

पडद्यावर उत्तर आलं की ते स्वतः कधी वाचायचे नाहीत. "वाच. तो काय म्हनून राह्यला ते मोठ्यानं वाच." एखादी मुलगी अडखळत इंग्रजी वाचायची, सर डोळे मिटून फुटाणे चावत ऐकायचे. "त्यानं सांगतलं ना का या नावाची फाईल नाई म्हनून? मंग त्याच्यावर काऊन चिडून राह्यली? नाव तू चुकवलं." यंत्राला कुणी बोल लावलेला त्यांना खपत नसे.

एकदा तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. त्यांनी एका मुलाला विचारलं, "एम, ए, एन म्हणजे काय?" पोरगं छातीठोकपणे म्हणालं, "माइंड." परीक्षक गडबडले. म्हणाले, "आणि त्यात काय असतं?" "आपल्याले जे मालूम नाई ते सगळं." परीक्षकांना इतकं हसू आलं की त्यांनी त्याला पास करून टाकलं. मी हा किस्सा विजयी मुद्रेने सरांना सांगितला. बघा, तुमच्या उच्चारापायी काय झालं! सर शांतपणे म्हणाले, "मंग? यात चूक काय हाये?" मी घरी जाईपर्यंत विचार केला. मला काही चूक सापडली नाही.

प्रोग्राम बसवण्याचा तास म्हणजे तर सोहळाच. कुठलाही प्रोग्राम एकटा चालत नाही. त्याला आणखी चार-पाच लहानमोठे प्रोग्राम लागतात, त्या प्रत्येकाला आणखी काही लागतात. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली की कॉम्प्युटर ही सगळी यादी आपणच काढतो, दाखवतो आणि विचारतो, पुढे चालू ठेवू का? मला हे शिकवायला दोन तास लागले असते. सर एका वाक्यात शिकवायचे. "नवरदेव कधी एकटा येते काय? वऱ्हाड घेऊन येते." आणि त्यातलं एखादं मिळालं नाही, सगळंच अडून बसलं, की म्हणायचे, "मामा रुसले. आता आधी मामाची समजूत काढा." वऱ्हाडातल्या मुलांना याहून जास्त काय सांगायला हवं होतं? लग्नात कोण रुसतं आणि कुठं घोडं पेंड खातं, हे त्यांना तोंडपाठ.

कॉम्प्युटरने चालू ठेवू का विचारलं की नुसतं वाय हे अक्षर दाबायचं असतं. सर तसं दाबू देत नसत. "तो तुमाले इचारून राह्यला. आधी तोंडानं हाव म्हना, मंग दाबा." सगळ्या वर्गाने एका आवाजात "हाव!" असं वऱ्हाडीतलं हो म्हटल्याशिवाय त्यांचं बोट खाली यायचं नाही. खाली दुकानात बियाणं घ्यायला आलेले शेतकरी वर पाहायचे. शेठ म्हणायचे, "काई नाई, वर लगन लागून राह्यलं."

आता फोनची गोष्ट. खालच्या दुकानाचा फोन आणि वरचं इंटरनेट एकाच तारेवर होतं. वर फाईल उतरत असताना खाली कुणी रिसीव्हर उचलला की त्याच्या कानात किंकाळी आणि आमची फाईल तुटलेली. रोज दुपारी जेवणं झाली की शेठच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, खामगावच्या बहिणीशी बोलायचं असायचं. वहिनी गोल चेहऱ्याच्या, मोठ्या आवाजाच्या आणि कुणाचीही भीड न बाळगणाऱ्या. पहिल्यांदा ती किंकाळी ऐकून त्या ओरडल्या, "माय वो! याच्यात कोन रडून राह्यलं?"

सर भिंत धरून खाली गेले. "रडत नाई, वहिनी. दोन मशिनी बोलून राह्यल्या एकमेकींसंग."

"काय बोलते त्या?"

"तुमी बहिनीसंग काय बोलता?"

"हेच. सैपाक काय केला, कोन आलं, कोन गेलं."

"तेच बोलते त्या," सर म्हणाले. वहिनींना ते अगदी पटलं. फोन मात्र त्यांनी सोडला नाही, आणि सरांनीही कधी सोडा म्हटलं नाही.

त्यांच्याकडे त्यावर उपाय होता. फाईल आणायच्या आज्ञेत सी हे एक अक्षर घातलं की तुटलेली फाईल जिथं तुटली तिथून पुढे उतरते. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. "सी म्हणजे कंटिन्यू," मी सवयीने म्हणाले. "सी म्हंजे चालू," सर म्हणाले, "चालूचा सी." आणि मग मुलांकडे वळून, "जेवढं आलं तेवढं आपलं. तेवढं काऊन टाकून द्याचं?" हे वाक्य त्यांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता फोडणी करपली तरी तेच आठवतं.

एका शनिवारी मी वर्गातली टेबलं हलवली. पडद्यांवर ऊन यायचं म्हणून. सोमवारी सर आले, चौकटीवर टकटक केली, रोजच्या वाटेने ताडताड निघाले आणि टेबलावर असे आदळले की कीबोर्ड खाली, फुटाणे वर्गभर. मुलं हसली. सरही मोठ्याने हसले. तास झाला, मुलं गेली, आणि सर खुर्चीवर तसेच बसून राहिले.

"म्याडम, टेबल हालवलं त सांगत जा."

"एवढं मोठं टेबल दिसलं नाही का, सर?" ही माझी जीभ.

"नाई," ते म्हणाले. "नाई दिसलं."

मग त्यांनीच सगळं सांगितलं. अगदी साध्या आवाजात, कुठल्याशा आज्ञेची माहिती द्यावी तसं. मधलं तेवढं दिसायचं, नळीतून पाहिल्यासारखं. कडेचं तरुणपणीच गेलं होतं. नाशिकला एका कारखान्यात कॉम्प्युटरच्या खोलीत नोकरी होती, पण अंधार पडल्यावर घरची वाट सापडेना म्हणून ती सोडली. आता मधलंही चाललं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, थांबणार नाही. "तुमच्या उंदराचा तो बाण मले सापडत नाई. कुठं शोधू त्याले? शब्दाचं तसं नाई. शब्द टाइप केला का तो आपल्यापाशी येते."

"घरी कोण आहे तुमच्या?" मी विचारलं.

"गावाकडं, पिंपळगाव राजाले, मोठा भाऊ हाये. तो म्हनते, ये घरी, तुझी भाकर मले जड हाये काय? भाऊ चांगला हाये, म्याडम. पन ओसरीवर बसून दिवसभर इचारत राहाचं, कोन आलं? कोन गेलं? ते माह्यानं होनार नाई. मी मास्तर हाये."

मला रडू आलं. ते लपवायला मी फुटाणे वेचायला बसले. इतके दिवस मी ज्याला हट्ट समजत होते, तो माणूस एकेका शब्दाला धरून उभा होता. चौकटीवरची टकटक, भिंतीवरचा पट्टा, मुलांना मोठ्याने वाचायला लावणं, सगळ्याचा अर्थ त्या फुटाण्यांबरोबर माझ्या ओंजळीत गोळा झाला.

पुढच्याच आठवड्यात शेठनी मला खाली बोलावलं. "म्याडम, सरची नजर गेली काय? एक पालक म्हने, तुमचे मास्तर भिंत चाचपत जाते. दिवाळीनंतरची बॅच तुमीच घ्या. सरले मी हळूच सांगतो. मानूस सोन्यावानी हाये, पन लोक नाव ठेवते, काय करता?" शेठ वाईट नव्हते. त्यांचा क्लास होता आणि लोक खरोखरच नावं ठेवत होते. माझ्या पोटात काही राहत नाही. मी वर जाऊन सगळं सरांना सांगितलं. त्यांनी फुटाण्याची पुडी मिटून खिशात ठेवली. मग म्हणाले, "दिवाळी व्हायच्या आत बोलनारा प्रोग्राम आनू."

पडद्यावर जे काही लिहून येतं ते आवाजात वाचून दाखवणारा एक प्रोग्राम होता. सरांना तो केव्हापासून माहीत होता. डोळा काम देत होता तोवर त्यांनी त्याला हात लावला नव्हता. कुबडी वेळेआधी घेऊ नये, म्हणायचे. आता तो आणायचा म्हणजे त्याचं वऱ्हाड आणायचं, आणि वर त्याच्या आवाजाची भली थोरली फाईल. मी म्हटलं, माझा भाऊ पुण्याहून सीडी पाठवेल. तर नाही. "तो इचारन, कायले पायजे? तुमी काय सांगसान?" कुणाला कळू द्यायचं नव्हतं. मीही मग जास्त बोलले नाही.

दुपारी दोन वर्गांच्या मध्ये आम्ही ती आवाजाची फाईल उतरवायचो. ती उतरत होती की विहीर वाटीने उपसत होतो, देव जाणे. कधी लाईट जायची, कधी तारच मुकी व्हायची, आणि कधी वहिनी बहिणीला फोन लावायच्या. तुटलं की सर वरच्या बाणाचं बटण दाबायचे. त्याने मागची आज्ञा पुन्हा पडद्यावर येते. सी आहे का ते माझ्याकडून वाचून घ्यायचे आणि एंटर मारायचे. मधे कुणीतरी गटारासाठी रस्ता खणला आणि तार तुटली. फोन दुरुस्त होईना. दिवाळी तोंडावर आली. मी वैतागून म्हणाले, "सोडा हो सर, नाही होत हे." ते माझ्यावर चिडले नाहीत. "जेवढं आलं तेवढं आपलं," म्हणाले. पण त्या दिवशी फुटाण्याची पुडी त्यांनी उघडली नाही.

तार जुळली. आता थोड्याच दुपारींची फाईल उरली होती. आणि खालून वहिनींनी रिसीव्हर उचलला.

मी तरातरा जिना उतरले आणि वहिनींसमोर सगळं ओकून मोकळी झाले. सरांची नजर, शेठचं म्हणणं, दिवाळी, ती फाईल, सगळं. सरांनी सांगू नका म्हटलं होतं. मी सांगितलं, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. वहिनी रिसीव्हर हातात धरून ऐकत राहिल्या. मग तो हळूच खाली ठेवला. "आधी सांगाचं नाई काय, बाई?" एवढंच म्हणाल्या. उठल्या, आतून वेताची टोपली आणली, फोनवर पालथी घातली आणि शेजारी खुर्ची टाकून बसल्या.

थोड्या वेळाने शेठना कंपनीला फोन करून माल मागवायचा होता. वर जिन्यात उभं राहून मी ते ऐकलं.

"टोपली उचल."

"फोनले हात लावाचा नाई. माहा उपास हाये."

"फोनचा उपास?"

"हाव."

"कोन्या देवाचा?"

"ते तुमाले काय कराचं? उपास म्हंजे उपास."

शेठ बिचारे समोरच्या किराणा दुकानात जाऊन फोन करायला लागले. वहिनींचा उपास रोज दुपारी चालायचा. रोज बोलणारी बहीण अचानक गप्प झाली म्हणून खामगावची बहीण घाबरली आणि एका दुपारी बसने थेट मलकापुरात हजर झाली. "मेली का जिती हायेस, पाहाले आली," असं म्हणत ती दुकानात शिरली, आणि टोपलीशेजारी पहारा देणारी बहीण पाहून डोक्याला हात लावून बसली. तिला सगळं कळल्यावर तीही दुसरी खुर्ची घेऊन तिथंच बसली.

त्याच दुपारी फाईल पूर्ण उतरली. सरांनी बसवायची आज्ञा लिहिली. वऱ्हाडाची यादी मी मोठ्याने वाचली. कुणी रुसलेलं नव्हतं. खाली नेहमीचा प्रश्न आला, पुढे चालू ठेवू का? सरांचं बोट वायवर थांबलं. वर्गात मुलं नव्हती, मी एकटीच होते.

"हो," मी म्हणाले.

"हो नाई, म्याडम."

"हाव," मी म्हणाले. जिन्यातून आणखी दोन आवाज एकदम आले, "हाव!" दोघी बहिणी अर्ध्या जिन्यात येऊन उभ्या होत्या. सर हसले आणि त्यांनी बटण दाबलं.

यंत्र बोललं. पडसं झालेला परदेशी पाहुणा बोलावा तसं, पण बोललं. सरांनी पहिला शब्द कुठला टाइप केला असेल? एम, ए, एन. आणि यंत्र म्हणालं, "मॅन."

मी हसत सुटले. "बघा, सर! हाही पुण्याचाच निघाला!"

"नवा हाये," सर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत. "शिकवू त्याले."

त्या प्रोग्रामात उच्चारांची एक फाईल होती. एखादा शब्द कसा म्हणायचा ते तिथं लिहून ठेवायचं. ती कशी लिहायची, त्याचं मन मी वाचून दाखवलं आणि सरांनी ती लिहिली. दिवाळी होईपर्यंत तो पाहुणा आमच्याकडचं मन म्हणायला लागला होता.

नवी बॅच सुरू झाली त्या दिवशी शेठ वर आले. हळूच सांगायचं ते त्यांनी अजून सांगितलं नव्हतं. तेच सांगायला ते आले आहेत, हे त्यांच्या पावलांवरून मला कळलं, म्हणजे सरांना नक्कीच कळलं असणार. मी माझा वर्ग सोडून दारात येऊन उभी राहिले. नवी मुलं आपापल्या पडद्यांपुढे बसली होती. सरांच्या पुढ्यातला पडदा बंद होता. सर टाइप करत होते आणि यंत्र घोगऱ्या, नाकातल्या आवाजात वाचत होतं.

"सर, तुमचा टीव्ही बंद हाये," शेठ म्हणाले.

"मले दिसत नाई, शेठ," सर म्हणाले. सगळ्या वर्गापुढे, खणखणीत. "म्हनून बंद ठेवला. लाईट काऊन जाळा?"

सरांनी हातातलं काम सोडलं नाही. मुलांना ते प्रोग्राम बसवून दाखवत होते. यंत्राने वऱ्हाडाची यादी सावकाश वाचली आणि शेवटी तो प्रश्न विचारला. सरांनी मुलांना मराठीत सांगितला. "तो इचारून राह्यला, पुढं चालू ठेवू काय?" आणि बोट वायवर ठेवून ते थांबले. मुलं नवी होती. काय म्हणायचं असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. माझ्या ओठांवर शब्द आला होता, पण तो मी म्हणून उपयोग नव्हता. शेठ चौकटीला हात टेकून उभे होते. खालून वहिनींचा आवाज आला नाही, पण त्या जिन्यात आहेत हे शेठना माहीत असावं. त्यांनी एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा बंद पडद्याकडे.

"हाव," शेठ म्हणाले. मग जरा मोठ्याने, "सर, हाव."

सरांनी बटण दाबलं.

पुढे पुष्कळ वर्षं सर त्याच खोलीत शिकवत राहिले. नजर पुरती गेली. ते चौकटीवर टकटक करून आत यायचे, खुर्चीत बसायचे आणि विचारायचे, "हं, कोन आलं?" मुलं एकेक करून नाव सांगायची. ज्या प्रश्नाची त्यांना धास्ती होती, त्याचीच त्यांनी हजेरी करून टाकली. जिन्यातला पट्टा शेठनी पुन्हा कधी रंगवला नाही.

माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि मी पुण्याला परत आले. वहिनींचा फोन मात्र चालू राहिला. रोज नाही, पण सणावाराला. मोठा आवाज, सैपाक काय केला, कोन आलं, कोन गेलं. गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला आणि त्या पहिल्यांदाच हळू बोलल्या. सर गेले. दुपारचा तास घेतला, भिंत धरून खाली उतरले, दुकानात बाकावर बसले आणि तिथंच गेले. खिशात फुटाणे होते, वहिनी म्हणाल्या.

मी फोन ठेवला. काय करावं सुचेना. मग लॅपटॉप उघडला, काळा पडदा आणला आणि तो बोलणारा प्रोग्राम बसवायला घेतला. पूर्वी जे उतरवता उतरवता दिवाळी येऊन ठेपली होती ते आता चुटकीसरशी उतरतं. प्रश्न आला तेव्हा मी रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाले, "हाव." मग तीन अक्षरं टाइप केली. "मॅन," यंत्र म्हणालं. उच्चारांची फाईल शोधली, तिचं मन वाचलं, ओळ लिहिली, चुकली, पुन्हा लिहिली. आणि तो पडसं झालेला पाहुणा म्हणाला, "मन."

मी ते पुन्हा पुन्हा म्हणवून घेत होते. आवाज ऐकून मुलगी आतून आली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, जीभ आईची घेतली आहे. क्षणभर ऐकून तिने कपाळाला आठ्या घातल्या.

"आई, ते मॅन आहे. मॅन्युअलचं मॅन."

"तुमच्या पुण्यात असंन मॅन," मी म्हणाले. "आमच्याकडं मन हाये."